उदयोन्मुख की विकसनशील?

प्रश्न असा आला आहे: हवामान परिषदेवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'इमर्जिंग इकॉनॉमीज'साठी 'उभरत्या', 'उदयोन्मुख' की सरळ 'विकसनशील' अर्थव्यवस्था लिहावं?

'उभरत्या' हिंदीच्या वळणाचा आहे, तो सोडून द्या. 'उदयोन्मुख' छान रुळलेला आहे. उदय अधिक उन्मुख, म्हणजे उदयाकडे तोंड केलेला. (मराठीत कवी पन्नाशीला आला तरी उदयोन्मुखच राहतो, ही या शब्दाची जुनी खोड.)

पण त्याच्या जागी 'विकसनशील' मात्र घालू नका. 'इमर्जिंग' हा गुंतवणूकदारांचा शब्द. 'तिसरं जग' म्हटलं की कोणी पैसे गुंतवायला धजेना, म्हणून 1981च्या सुमारास जागतिक बँक समूहातल्या एका अर्थतज्ज्ञाने 'इमर्जिंग मार्केट्स' हे नाव काढलं. 'विकसनशील' हा कराराचा शब्द. 1992च्या हवामान करारात विकसित आणि विकसनशील देश आहेत, 'उदयोन्मुख' असा गटच नाही.

आता 'विकसनशील'मधला 'शील' बघा. सहनशील, प्रयत्नशील, तसाच हाही. तो स्वभाव सांगतो, मुदत सांगत नाही. श्रीमंत देशांची तक्रार नेमकी हीच आहे: चीन, सिंगापूर, सौदी अरेबिया अजून किती वर्षं विकसनशील राहणार? भारताचं म्हणणं वेगळं. त्याचं दरडोई उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीहून कमी आहे. त्यामुळे वाटाघाटीत कोणी तुम्हाला 'उदयोन्मुख' म्हटलं, की हवामान बदलाच्या खर्चाचं बिल तुमच्याकडे सरकवलं जातंय असं समजावं.

ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत आणि चीन यांनी 2009मध्ये स्वतःच्या गटाला नाव घेतलं ते 'बेसिक', चौघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. त्याच वर्षी कोपनहेगनच्या हवामान परिषदेत या चौघांनी ओबामांबरोबर बसून शेवटचा मसुदा ठरवला. युरोपीय संघ त्या खोलीत नव्हता. एवढं वजन असूनही कागदावर चौघेही विकसनशीलच राहिले.

2015च्या पॅरिस करारातलं नववं कलम तर भाषांतरकाराची परीक्षाच आहे. विकसित देशांनी विकसनशील देशांना पैसा पुरवायचा, आणि 'इतर पक्षांना' (म्हणजे करारातल्या इतर देशांना) तो स्वेच्छेने देण्यासाठी प्रोत्साहन. हे 'इतर' म्हणजे ऐपत आलेले विकसनशील देश, हे सगळ्यांना कळतं, पण लिहिलेलं नाही.

तेव्हा मूळ लेखक अर्थशास्त्राच्या भाषेत बोलत असेल तिथे 'उदयोन्मुख', कराराचा मजकूर असेल तिथे 'विकसनशील'. आणि 'इतर'चं 'इतर'च ठेवा. ती संदिग्धता घासाघीस करून मिळवलेली आहे.