आलेखात उतरलेलं डिझेल
गाडीतळ : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, पिंपळगाव बसवंतहून वाशी आणि सुरतेकडे टोमॅटो-कांदा नेणाऱ्या आमच्या 11 गाड्या आहेत. मुलाच्या आग्रहाने सगळ्यांना जीपीएस आणि टाकीत डिझेलचा सेन्सर बसवला. पहिल्याच महिन्यात मोबाइलवर डिझेलचोरीचे 14 इशारे आले. जुने ड्रायव्हर म्हणतात, विश्वास नसेल तर चाव्या घ्या. एकाला काढायच्या बेतात आहे. काय करावं?
— एक गाडीमालक, जि. नाशिक

दादा, आज कुणालाही काढू नका. असं का म्हणते ते सांगते.

माझे वडील ट्रक चालवायचे. पुढे आमच्या स्वतःच्या गाड्या झाल्या आणि तळावरचा हिशेब माझ्याकडे आला. पहिला सेन्सर बसवला त्या महिन्यात पहाटे 4 वाजता एका गाडीच्या डिझेल-पातळीच्या आलेखात 22 लिटरचा खड्डा दिसला. गाडी इगतपुरीजवळच्या ढाब्यावर उभी होती. चालवणारे मामा माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. मी त्यांच्या भत्त्यातून पैसे कापले. आठ दिवसांनी दुसरा ड्रायव्हर त्याच ढाब्यावर थांबला आणि तसाच खड्डा पडला. तेव्हा मी स्वतः तिथे गेले. ढाब्यासमोरची जागा एका अंगाला उतरती होती. गाडी तिरकी उभी राहिली की डिझेल टाकीच्या एका कोपऱ्याला जायचं आणि सेन्सरला कमी दिसायचं. टाकीत पट्टी घालून मोजलं, डिझेल जसंच्या तसं होतं. मामांचे पैसे मी सगळ्यांसमोर परत केले, माफी मागितली. तरी दिवाळीनंतर ते दुसऱ्या मालकाकडे गेले. अजून ते मला बोचतं.

म्हणून तुमचे 14 इशारे एकेक करून उघडून बघा. उतारावरचा खड्डा गाडी थांबताच पडतो आणि सपाट रस्त्याला लागल्यावर भरून निघतो. खरंच डिझेल काढलेलं असेल तर इंजिन बंद, गाडी जागेवर आणि पातळी दहा-पंधरा मिनिटं सरळ खाली उतरत जाते. गाडी पुढे निघाली तरी ती वर येत नाही. थंडीचाही हिशेब धरा. 300 लिटर डिझेल 20 अंशांनी गार झालं तर आकारमानात सुमारे 5 लिटर कमी भरतं. डिसेंबरात निफाडच्या पहाटे उभ्या असलेल्या गाडीवर तेवढ्यासाठी चोरीचा आळ घालायचा का?

आणखी एक विचारा. सेन्सर बसवणाऱ्याने प्रत्येक टाकी रिकामी करून, दहा-दहा किंवा वीस-वीस लिटर भरत, दर टप्प्याला आकडा नोंदवला होता का? टाकीचा आकार सगळीकडे सारखा नसतो आणि एका गाडीचं माप दुसरीला चालत नाही. हे काम दर गाडीमागे अर्धा दिवस खातं, म्हणून घाईत सुटतं. ते झालेलं नसेल तर तुमच्या मोबाइलवर येणारे लिटर हा निव्वळ अंदाज आहे.

आता डिझेल वाचवायचं तर कसारा घाटातली नोंद काढा. गाडीचा वेग 50-60 आणि इंजिनाचे फेरे मात्र उभ्या गाडीएवढे, असं दिसलं तर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आहे असं समजा. ही जुन्या काळातली सवय. तिने डिझेल वाचतं अशी बऱ्याच जणांची प्रामाणिक समजूत आहे. पण आजची इंजिनं गिअरमध्ये उतरताना, पाय काढलेला असला की डिझेलचा पुरवठा बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मी हे ड्रायव्हरांना रागावून सांगितलं नाही. स्क्रीन त्यांच्यासमोर ठेवली आणि एकाच गाडीच्या दोन फेऱ्या शेजारी शेजारी दाखवल्या. त्यानंतर मला कुणाला सांगावं लागलं नाही.

उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं की लगेच फोन करू नका. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. मे महिन्यात दुपारी वाशीला नंबर लागायची वाट बघत ड्रायव्हर एसी लावून तासभर झोपला, तर जाणारं डिझेल त्याच्या डोळ्यांसाठी आहे. रात्री गाडी तोच चालवणार आहे.

या उपकरणाचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो असा : बॅटरीचं व्होल्टेज उतरतंय, पाणी गरम होतंय, युरिया (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रावण) संपत आलाय, हे गाडी रस्त्यात बंद पडायच्या आधी कळलं. 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत युरिया संपला की इंजिन ताकद कमी करतं, आणि टोमॅटो तर थांबत नाही. दुसरं म्हणजे कोण किती तास सलग चालवतोय ते दिसलं. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तासांची मर्यादा घातली होती. आमच्याच तळावर ती किती वेळा मोडली जात होती हे मला स्क्रीनवर कळलं. दोष आमच्या बुकिंगचा होता.

वाचलेल्या डिझेलचा ठरावीक वाटा ड्रायव्हरला द्या, आणि त्याचा आलेख त्याच्याही मोबाइलवर जाऊ द्या.

प्रश्न : माझे पती ट्रेलरवर आहेत. मालकाने केबिनमध्ये त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा लावलाय. झोपेत, कपडे बदलतानाही तो चालू असतो का? ते संकोचाने विचारत नाहीत.
— एक वाचक, सोलापूर

ताई, हा संकोच अगदी रास्त आहे. महिन्यातले वीस दिवस ती केबिन त्यांचं घर असतं. डोळे मिटू लागले, जांभया वाढल्या की हा कॅमेरा आवाज करतो, आणि रात्रीच्या रस्त्यावर तो आवाज जीव वाचवतो. म्हणून तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण किल्ली बंद केल्यावरही काही कॅमेरे चालू राहतात. पतींनी मालकाला चार गोष्टी विचाराव्यात : किल्ली बंद असताना चित्रण होतं का, आवाजही साठतो का, ते कोण बघतं आणि किती दिवस ठेवतं. गाडी उभी असताना भिंगावर कापड टाकायची परवानगी लेखी घ्यावी. तेवढीही देत नसेल तर तो मालक चुकतोय. रस्त्याकडे तोंड असलेला कॅमेरा मात्र आग्रहाने मागून घ्या. अपघात झाला की जमाव मोठ्या गाडीलाच धरतो, तेव्हा तो एकच साक्षीदार त्यांच्या बाजूने उभा राहतो.

प्रश्न : माझ्या तीनच गाड्या आहेत, सांगली ते पुणे. जीपीएसचं वर्षाचं भाडं परवडेल का?
— एक वाचक, सांगली

सध्या थांबा. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, यांपैकी तुमच्या वाटेवर जे नाके लागतात त्यांच्या फास्टॅगचे संदेश वेळेसकट तुम्हाला येतातच. गाडी कुठवर पोचली ते त्यावरून कळतं. परतीला ई-वे बिलाचा (माल नेताना सोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याचा) माल भरलात तर त्या बिलाच्या मुदतीवर लक्ष ठेवा. साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि गाडी अडकली तर मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. पाचवी गाडी घ्याल तेव्हा मला पुन्हा लिहा.