परदेशात गोलकीपर म्हणून पाठवताय? आधी भरपूर सामने खेळू द्या

तुमचा भाचा 17 वर्षांचा, कोल्हापुरात पेठेच्या संघाचा गोलकीपर, उंची सहा फूट एक इंच. एक एजंट पोर्तुगालमधल्या क्लबची ट्रायल मिळवून देतो म्हणतोय आणि त्यासाठी आधी काही लाख मागतोय. पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता पाठवू नका आणि पैसे तर मुळीच देऊ नका. फिफाच्या (फुटबॉलची जागतिक संघटना) नियमाप्रमाणे 18 वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद आहेत, म्हणजे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील वगैरे, पण तुमच्या घरी तसं काही दिसत नाही. म्हणजे ट्रायल कितीही झकास झाली तरी तिथला क्लब त्याची आज नोंदणीच करू शकत नाही. दुसरं, ऑक्टोबर 2023 पासून एजंटला फिफाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची नावं फिफाच्या साइटवर शोधता येतात. या माणसाचं नाव तिथे नसेल तर विषय संपला. नाव सापडलं तरी, ज्या क्लबला पोरगा खरोखर हवा असतो तो क्लब स्वतःच्या लेटरहेडवर पत्र पाठवतो, खेळाडूच्या मामाकडे आगाऊ रक्कम मागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण 18 पूर्ण झाल्यावर हा प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे. गोलकीपरचं परदेशातलं करिअर स्ट्रायकर किंवा विंगरसारखं चालत नाही. जागा एकच असते. विंगरला शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. कीपर सहसा दुखापत किंवा रेड कार्ड असल्याशिवाय बदलत नाहीत. दुसऱ्या नंबरच्या कीपरचा सामन्याचा दिवस एकदा नीट बघा. वॉर्म-अपमध्ये तो पहिल्या कीपरला शॉट मारून देतो, क्रॉस (बाजूने गोलसमोर येणारा उंच चेंडू) टाकून देतो, मग जाड कोट घालून बेंचवर बसतो. हाफटाइमला मैदानावर येऊन थोडे चेंडू पकडतो, पुन्हा बसतो. हे महिनोन्‌महिने चालतं. घरच्यांना फोनवर सांगायला काही नसतं.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण गुरप्रीतसिंग संधू. 'युरोपात खेळलेला भारतीय कीपर' एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, पण त्याच्या प्रवासातला क्रम बघण्यासारखा आहे. चंदीगडच्या सेंट स्टीफन्स अकादमीतून तो ईस्ट बंगालमध्ये गेला, मध्ये पैलान अॅरोजकडून आय-लीगचे (तेव्हाची देशातली अव्वल लीग) सामने खेळला, 2011 मध्ये भारताच्या वरिष्ठ संघातही उतरला. नॉर्वेच्या स्टाबेक क्लबशी करार झाला तो ऑगस्ट 2014 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी. म्हणजे गडी इथून तयार होऊन गेला होता, आणि तरीही तिथे सायूबा मांडे त्याच्या पुढे होता. मांडे आयव्हरी कोस्टच्या 2014 च्या विश्वचषक संघातला कीपर. गुरप्रीतला पहिला स्पर्धात्मक सामना मिळाला 2015 च्या एप्रिलमध्ये, नॉर्वेजियन कपच्या पहिल्या फेरीत. लीगमधला पहिला सामना मे 2016 मध्ये, स्टार्ट क्लबविरुद्ध; स्टाबेकने तो 5-0 जिंकला. करारानंतर जवळजवळ दोन वर्षांनी! त्याच वर्षी 30 जूनला वेल्सच्या कॉनाज् क्वेविरुद्ध युरोपा लीगच्या पात्रता फेरीत तो सुरुवातीपासून खेळला. युरोपीय स्पर्धेत उतरलेला पहिला भारतीय म्हणून इकडे मथळे झाले, पण दुखापत झाल्यामुळे पहिल्याच हाफमध्ये त्याला बाहेर यावं लागलं. इतकी वाट बघून मिळालेला सामना असा हातातून जातो, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला उभं राहायला काय लागत असेल, याचा विचार तुमच्या भाच्याने जरूर करावा.

मग ती तीन वर्षं फुकट गेली का? माझ्या मते अजिबात नाही. तिथल्या वेगाने रोज शॉट झेलायचे, बॅकपास आला की दोन टचमध्ये योग्य माणसाला द्यायचा, गर्दीत उडी मारून क्रॉस घ्यायचा. हे रोजच्या सरावातून अंगात भिनतं. 3 सप्टेंबर 2016 ला अंधेरीत प्वेर्तो रिकोविरुद्ध तो भारताचा कर्णधार होता आणि आपण 4-1 जिंकलो. 2019 च्या सप्टेंबरमध्ये दोह्यात आशियाई विजेत्या कतारला आपण 0-0 रोखलं, त्या रात्रीची त्याची कामगिरी मी कुठल्याही होतकरू कीपरला पूर्ण नव्वद मिनिटं बघायला लावेन. नुसते सेव्ह बघू नका. प्रत्येक हल्ल्याआधी तो कुठे उभा आहे ते बघा.

पण 2017 मध्ये तो परत आला, बेंगळुरू एफसी क्लबकडे. 'युरोप सोडून आला' म्हणून तेव्हा काही जण हळहळले. मला तो निर्णय शंभर टक्के पटतो. पंचविशीतल्या कीपरला दर आठवड्याला सामना हवा. तो इथे मिळाला, आणि 2019 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल त्याने त्याच अंधेरीच्या मैदानावर एफसी गोवाविरुद्ध 1-0 ने जिंकली.

मोठ्यांनीही हेच केलंय. 2001 मध्ये इटलीच्या युव्हेंटसने नवा कीपर म्हणून बुफॉनला आणलं तेव्हा तिथला आधीचा कीपर फान डर सार बेंचवर न राहता इंग्लंडमध्ये नुकत्याच वरच्या डिव्हिजनमध्ये आलेल्या फुलहॅममध्ये गेला. तिथून 34 व्या वर्षी मँचेस्टर युनायटेड, आणि चाळिशीपर्यंत खेळला. कीपर केलोर नवास मायदेशी कोस्टा रिकात साप्रिसा क्लबकडून भरपूर खेळून 2010 मध्ये स्पेनच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या अल्बासेतेकडे गेला. मग स्पेनच्याच लेवांते क्लबमध्येही सुरुवातीला दुसरा कीपरच होता. रेआल माद्रिद आलं ते 2014 च्या विश्वचषकानंतर. कीपर उशिरा पिकतो, त्यामुळे 'आत्ता नाही गेला तर कधीच नाही' हे एजंटचं वाक्य कीपरच्या बाबतीत सगळ्यात खोटं.

उंचीबद्दल एक सांगतो. सहा फूट एक इंच युरोपात कीपरसाठी बेताचीच (गुरप्रीत साडेसहा फुटांच्या आसपास आहे). अडचण म्हणून घेऊ नका, पण पायाने चेंडू खेळणं आणि क्रॉसवरचा निर्णय इतरांपेक्षा सरस लागेल.

पुढची दोन वर्षं काय करायचं? शाहू स्टेडियमवरच्या पेठांच्या सामन्यांत जी गर्दी आणि दडपण असतं, ते सोडू नका, त्याने कीपर घडतो. सोबत युवा लीग किंवा राष्ट्रीय पातळीवरची लीग खेळणाऱ्या एखाद्या क्लबच्या ट्रायलला पाठवा, जिथे पूर्ण वेळ गोलकीपर कोच आहे. आधी हे विचाराच, कारण बऱ्याच ठिकाणी कीपरला कोपऱ्यात उभं करून सगळी पोरं त्याच्यावर नुसते शॉट मारतात. बारावी होऊ द्या, पासपोर्ट काढून ठेवा. इंग्रजी बोलायची सवय लावा, कारण बचावफळीला ओरडून हलवणं हे कीपरचं अर्धं काम आहे. आणि सामन्यांचं चित्रीकरण करा, पूर्ण सामन्याचं. निवडक सेव्हची तीन मिनिटांची फीत बघून कुठलाच जाणकार कोच कीपर घेत नाही. त्याला चुकलेले क्रॉस आणि गोल खाल्ल्यानंतरची दहा मिनिटं बघायची असतात.

तसा एखादा पूर्ण सामना असेल, हरलेला असला तरी चालेल, तर इथे टाका. मी बघून त्याच्या पोझिशनबद्दल सविस्तर लिहितो.