फ्रेझर नदीच्या वाळूत बावीस लाख घालावेत का?

सिंहगड रोडवरच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं आहे: "वय ५८. चाकणच्या कारखान्यातून दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. आनंदनगरला स्वतःचा फ्लॅट, कर्ज नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि आधीच्या ठेवी मिळून १ कोटी १५ लाख, रजेचे ५ लाख वेगळे. ईपीएसची पेन्शन वजा जाता घरखर्चाला महिना ५५ हजार लागतात. मुलगी वर्क परमिटवर व्हँकूवरजवळ सरेला आहे. गेल्या ऑक्टोबरात रजा काढून गेलो तेव्हा तिनं फ्रेझर नदीवर नेलं. तासभर पसरट पॅनमध्ये वाळू धुतल्यावर सोन्याचे दोन कण मिळाले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. आता मे ते जुलै तिथं राहून हेच करायचं आहे, खर्च ६ लाख. शिवाय तिथल्या ओळखीतला एक जण कॅरिबू भागातल्या प्लेसर क्लेममध्ये, म्हणजे नदीच्या गाळातलं सोनं काढण्याच्या हक्कात, निम्मा वाटा २२ लाखांना देतोय. पाच वर्षांत पैसे वसूल होतील म्हणतो. हिचं १२ तोळे सोनं मोडून आणि बाकीचे ठेवीतून काढून घालू का?"

नमस्कार. पत्रासोबतचा फोटो मी मोठा करून दोनदा पाहिला. तर्जनीच्या ओल्या टोकावर दोन पिवळे कण, मोहरीच्या चौथाईएवढेही नाहीत, आणि बाजूला काळ्या वाळूची रेघ. तुम्हाला झोप का येत नाही ते कळलं. स्वतःच्या हातानं नदीतून सोनं काढल्याचा आनंद खरा आहे आणि त्यावर पैसे खर्च करायला माझी हरकत नाही. पण तुम्ही दोन वेगळे प्रश्न एका पत्रात बांधलेत. नदीवर जायचं का? जरूर जा, फक्त महिने बदला. क्लेममध्ये २२ लाख घालायचे का? नाही. एक रुपयाही नाही.

आधी नदीचं बोलू. पॅनिंग म्हणजे आपलं तांदूळ रोळणंच. वहिनींना विचारा, पातेलं हलकेच फिरवत पाणी ओतलं की तांदूळ पुढं सरकतो आणि खडा तळाशी बसतो. साधी वाळू पाण्याच्या अडीच पटींहून थोडी जड, मॅग्नेटाइटची काळी वाळू पाच पट, सोनं एकोणीस पट. म्हणून पॅनमध्ये शेवटी काळी रेघ आणि तिच्या टोकाला सोनं उरतं. लहानपणी रविवार पेठेत सराफांच्या दुकानांपुढची धूळ गोळा करून घमेल्यात धुणारे झारेकरी मी पाहिलेत. त्यांचंही हेच काम. मात्र दुकानातला केर विकत घेताना त्यात किती निघेल याचा अंदाज बांधूनच ते भाव करायचे. अंदाज नसला तर घमेलंभर धूळसुद्धा घ्यायचे नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आता हिशेब. सराईत माणूस दिवसभर राबला तर हातानं अर्धा घनमीटर रेती-गोटे धुतो. म्हणजे आठ-नऊशे किलो माल फावड्यानं उपसायचा, चाळायचा आणि वाकून, गार पाण्यात हात घालून धुवायचा. चांगल्या जागी घनमीटरला अर्धा ग्रॅम सोनं निघेल असं उदारपणे धरू. दिवसाला पाव ग्रॅम झालं. नदीचं सोनं शुद्ध नसतं, त्यात चांदी मिसळलेली असते. शुद्धता ८५ टक्के आणि शुद्ध सोन्याचा भाव हिशेबापुरता ग्रॅमला १५ हजार धरला, तर दिवसाच्या कष्टाचे सव्वातीन हजारही होत नाहीत. रोज एवढं मिळणारा माणूस नशीबवानच म्हणायचा. सहलीचा खर्च नदीतून निघणार नाही, तेव्हा तो रकाना आतापासूनच कोरा ठेवा.

महिने का बदलायचे? मे ते जुलै डोंगरातलं बर्फ वितळून फ्रेझर दुथडी भरून वाहते. तुम्ही ऑक्टोबरात ज्या रेताडावर बसलात, ते जूनमध्ये पाण्याखाली असेल. पुरात वाहून येणारं बारीक सोनं पाणी मंदावतं त्या वळणांवर, गोट्यांच्या रेताडावर साचतं आणि पाणी उतरलं की हाती लागतं. १८५८ साली येल गावाजवळच्या हिल्स बारवर असंच सोनं सापडलं आणि त्या वर्षी या खोऱ्यात सुमारे तीस हजार माणसं येऊन धडकली. तुम्ही पुढच्या मार्चमध्ये जा. पाणी तेव्हा सर्वांत कमी असतं. थंडी असेल, गुडघाभर रबरी बूट आणि हातमोजे लागतील, पण नदी उघडी असेल.

तुमच्या साहित्याच्या यादीत पंप आणि हायबँकर (पंपाच्या पाण्यावर रेती धुणारी पन्हळ) मिळून १ लाख ४० हजार लावलेत. ते काढून टाका. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे व्हँकूवरच्या प्रांतात, हौशी माणसाला परवानगी आहे ती पॅन आणि हातफावड्याची, तीही दुसऱ्याचा क्लेम नसलेल्या जागी. होप, येल अशा गावांजवळ हौशी लोकांसाठी राखून ठेवलेले पट्टे आहेत, तिथंच बसा. काठ उकरायचा नाही, माशांच्या अंड्यांची रेती ढवळायची नाही. पॅन, चाळणी आणि कण टिपायची पिचकारीची बाटली तिथंच घ्या, सगळं मिळून शंभर डॉलरच्या आत बसेल.

मग खर्च पावणेपाच लाखांच्या आत येतो आणि तो रजेच्या पाच लाखांतून सुटतो. त्यात प्रवासी आरोग्य विमा घेताना बीपीच्या गोळ्या लपवू नका. आधीचा आजार लपवला म्हणून दावा फेटाळला, तर तिकडचं एका रात्रीचं हॉस्पिटल सहलीपेक्षा महाग पडेल. आणि सापडलेलं सोनं लेकीकडेच ठेवा. इथल्या विमानतळावर सोन्यावरच्या कस्टम्स ड्युटीत सूट मिळते ती वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांना, आणि तीही दागिन्यांवर. कण आणायचेच असतील तर रेड चॅनेलला जाऊन जाहीर करा.

आता क्लेम. या शब्दाला जमिनीच्या सातबाऱ्याचं वजन देऊ नका. प्लेसर क्लेम म्हणजे नदीच्या सुट्या गाळातलं खनिज काढण्याचा हक्क. जमीन तुमची होत नाही आणि खाली सोनं आहे याची हमी कुणीच देत नाही. सरकारी नोंदणीचं शुल्क हेक्टरी ५ कॅनेडियन डॉलर आहे. कॅरिबूतली एक चौकट वीसेक हेक्टरची, म्हणजे शंभर डॉलर, डॉलरला ६५ रुपये धरले तर साडेसहा हजार. मार्च २०२५ पासून नव्या नोंदणीआधी तिथल्या मूळनिवासी समाजांशी सल्लामसलत बंधनकारक झाली. पूर्वीसारखा क्लेम काही मिनिटांत ऑनलाइन मिळत नाही, त्यामुळे जुन्या क्लेमला थोडी किंमत आली हे मान्य. पण साडेसहा हजाराच्या कागदाचा निम्मा वाटा बावीस लाखांना द्यायचा, तर विकणाऱ्याकडे ठिकठिकाणी खड्डे घेऊन केलेल्या तपासणीचा अहवाल हवा. कुठल्या खड्ड्यातून किती घनमीटर धुतलं, किती ग्रॅम निघालं. तुमच्या पत्रात एक व्हिडिओ आहे आणि त्याचा शब्द आहे. झारेकरी यावर घमेलंसुद्धा उचलणार नाही.

त्याच्या दाव्याचाच हिशेब करा. पाच वर्षांत २२ लाख वसूल, म्हणजे तुमच्या वाट्याला वर्षाला ४ लाख ४० हजार. वरच्याच भावानं तुमच्या निम्म्या वाट्यासाठी साडेचौतीस ग्रॅम, दोघांसाठी ६९ ग्रॅम, तेही खर्च शून्य धरून. दिवसाला पाव ग्रॅमनं हे २७६ दिवसांचं हातकाम आहे, आणि कॅरिबूत वर्षातले कित्येक महिने बर्फ असतं. यंत्र लावायचं तर खाणकामाचा वेगळा परवाना, काठ पूर्ववत करण्याची अनामत, डिझेल, मजूर. आणि तुम्ही? व्हिजिटर व्हिसावर तिथं काम करता येत नाही.

याहून मोठी अडचण पुढं आहे. क्लेम नावावर असायला फ्री मायनर सर्टिफिकेट लागतं आणि व्यक्तीला ते मिळतं कॅनडात राहणारी किंवा तिथं काम करायची परवानगी असलेली असेल तरच. तुम्ही या दोन्हींत बसत नाही. म्हणजे नाव त्याचं राहील आणि तुमचे बावीस लाख एका खासगी करारावर उभे राहतील. मुलीच्या नावावर घ्यायचा विचार येईल, तिला सर्टिफिकेट मिळूही शकतं. पण मग दरवर्षी हेक्टरी वीस डॉलरचं काम दाखवणं, अहवाल देणं आणि काठाची जबाबदारी तिच्या गळ्यात पडेल. वर्क परमिटवरच्या पोरीवर हे ओझं टाकू नका. शिवाय परदेशातली ही गुंतवणूक तुम्हाला दरवर्षी इथल्या विवरणपत्रात दाखवावी लागेल ते वेगळंच.

माझ्या वडिलांनी नव्वदच्या दशकात सागवानाच्या एका योजनेत ग्रॅच्युइटीचे चाळीस हजार घातले होते. माहितीपत्रकावर हिरवीगार रोपं होती. जमीन कुठं आहे हे त्यांनी कधी जाऊन पाहिलं नाही आणि पैसे परत आले नाहीत. आई त्यावर कधी काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला आजही आठवतं, म्हणून वहिनींच्या सोन्याबद्दल स्पष्ट लिहितो.

ते १२ तोळे त्यांचे आहेत. कायद्यानंही स्त्रीधन त्यांचंच, आणि तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठंच नाही. मोडीला नेलं की घडणावळ बुडते, घट कापली जाते आणि नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. २००१ च्या आधीचे दागिने असतील तर १ एप्रिल २००१ चा भाव मूळ किंमत म्हणून धरता येतो, तरी कर राहतोच. हातातलं पारखलेलं सोनं देऊन न पारखलेल्या वाळूतला वाटा घेणं मला पटत नाही.

पुंजीकडे पाहू. ५५ हजार महिना म्हणजे वर्षाला ६ लाख ६० हजार. १ कोटी १५ लाखांतून हे पावणेसहा टक्के होतात, जमण्यासारखं आहे. सोनं न मोडता क्लेम आणि सहलीचे सगळे २८ लाख यातूनच गेले तर उरलेल्या ८७ लाखांतून दरवर्षी साडेसात टक्क्यांहून जास्त काढावे लागतील. सहा टक्के महागाईनं हाच खर्च तुमच्या सत्तरीत १ लाख १० हजारांवर जातो. वहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, पण मला पत्रातली सर्वांत मोठी ओळ तीच वाटली. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम संपायच्या आधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून देण्याचा अर्ज करा.

सराव झारखंडातल्या सुवर्णरेखा नदीवर करू का, असंही विचारलंय. नको. आपल्याकडे परवान्याशिवाय सोनं शोधणं हा खाण कायद्याखाली गुन्हा आहे. मुठेत तर सोनं नाहीच, आपला दगड बेसॉल्टचा. पण त्याच दगडामुळे नदीकाठी काळी वाळू मिळते आणि सरावाला तीच हवी. ओंजळभर आणा, मासेमारीच्या गळाला लावतात तसे शिशाचे बारीक मणी हातोडीनं चपटे करून दहा मोजून त्यात टाका आणि जुन्या परातीत, टबावर धरून धुवा. दहाच्या दहा परत मिळायला लागले की हात बसला. ती परात पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

आणि एक काम या आठवड्यातलं आहे. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांना सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीमचं खातं उघडायचं तर निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत उघडावं लागतं. तुमचे दोन गेले. तिसरा चुकला तर साठीपर्यंत थांबावं लागेल. त्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज तिमाहीला हातात येतं. पैसे मिळाल्याच्या तारखेचं कंपनीचं पत्र, पॅन कार्ड आणि आधार घेऊन पोस्टात जा, आणि क्लेमवाल्याला त्याच दिवशी नकार कळवून टाका.