आधी गाडी उभी करा, तेलाचं नंतर बघू

प्रश्न: वडिलांची 1968 ची फियाट 1100 डिलाइट माझ्याकडे आहे. दर रविवारी तीस-चाळीस किलोमीटर फिरवतो. वर्षभरापासून तेल गळतंय, रात्रभरात बशीएवढा डाग पडतो. धूर नाही, ओढही चांगली आहे. गेल्या वर्षी महागाचं पूर्ण सिंथेटिक 5डब्ल्यू30 तेल घातलं, तर गळती उलट वाढली. गॅरेजवाला म्हणतो इंजिन पूर्ण करावं लागेल, म्हणजे उघडून नव्याने बांधावं लागेल, 1 लाख 85 हजार. जुन्या गाड्यांचा एक दलाल म्हणतो, एकूण पाच लाख घालून गाडी नीट केली तर आठ वर्षांत बारा लाख कुठे जात नाहीत. मुलगी दहा वर्षांची आहे, तिच्या शिक्षणाला ते होतील. पैशासाठी बँकेतून घेतलेली पॉलिसी मोडू की सोनं तारण ठेवू? पॉलिसीचा हप्ता वर्षाला 60 हजार, मुदत 15 वर्षं, चार हप्ते भरलेत. आज मोडली तर 1 लाख 20 हजार मिळतात, मुदतीअंती साडेतेरा लाख मिळतील असं सांगितलंय. विमा संरक्षण सहा लाख. गाडी अजून वडिलांच्याच नावावर आहे, ते 2019 मध्ये गेले. तेव्हापासून गाडीचा विमा नाही, पण ती फारशी बाहेर जात नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर: शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळं पत्र तिथेच अडकलंय. गाडी दर रविवारी तीस-चाळीस किलोमीटर जाते, म्हणजे वर्षाला दीड-दोन हजार किलोमीटर. विम्याशिवाय. याला फारशी बाहेर जात नाही म्हणत नाहीत.

पकडलं तर दोन हजारांचा दंड होईल, तो जाऊ द्या. खरा आकडा वेगळा आहे. समजा दुचाकीवरचा 32 वर्षांचा माणूस तुमच्या गाडीखाली आला आणि गेला. कमाई महिना 30 हजार, मागे बायको आणि दोन मुलं. अपघात न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांतल्या सूत्राने भरपाई काढतं. वर्षाची कमाई 3 लाख 60 हजार. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवले की 5 लाख 4 हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की 3 लाख 36 हजार. या वयाला गुणक 16, म्हणजे तेवढ्या पट. झाले जवळजवळ 54 लाख, वर व्याज. विमा असता तर कंपनीने भरले असते, कारण मृत्यू आणि इजेच्या बाबतीत थर्ड पार्टी विम्याला, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याला, रकमेची मर्यादाच नसते. विमा नसेल तर वसुली गाडी ज्याच्या ताब्यात आहे आणि जो चालवत होता त्याच्याकडून होते. दोन्ही तुम्हीच. घर, एफडी, सोनं, सगळं त्यात येतं.

तुमच्या 1,089 सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचा हप्ता करासकट वर्षाला चार हजारांच्या आसपास आहे. सहा वर्षांत 24 हजार वाचवले आणि अख्खा संसार रस्त्यावर ठेवला. विमा हातात येईपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढू नका, गॅरेजला न्यायची असली तरी टो करून न्या.

विम्याबरोबरच नावही बदला. मालक गेल्यावर तीन महिन्यांत आरटीओला फॉर्म 31, म्हणजे वारसाच्या नावावर गाडी करण्याचा अर्ज, द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, इतर वारसांचं संमतिपत्र जोडायचं. तुम्हाला उशीर झालाय, दंड लागेल. आर.सी.वरची, म्हणजे नोंदणीपुस्तकातली, नोंदणीची मुदतही बघा. पंधरा वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि वडिलांच्या मागे कुणी वाढवली असेल असं वाटत नाही. तपासणी, फी, पर्यावरण कर आणि दंड मिळून 20 ते 30 हजार बाजूला ठेवा.

कुणीतरी तुम्हाला 'व्हिंटेज नोंदणी करून टाका' असंही सांगेल. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला ती मिळते, फी 20 हजार, दहा वर्षांसाठी. पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. तुमचा रविवारचा फेरफटका त्यात बसत नाही, तेव्हा साधं नूतनीकरणच करा. आणि गॅरेजवाल्याने 'जुनं इंजिन सोडा, दुसरं बसवू' असं काही सुचवलं तर तिथूनच परत फिरा. मूळ इंजिन गेलं की व्हिंटेजचा दर्जा जातो आणि पारखी गिऱ्हाईकही जातं.

आता तेल. 1 लाख 85 हजारांचा आकडा ज्याने दिला, त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं का? पत्रात तसा उल्लेख नाही. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. एकमेकांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल, गरम इंजिनावर ऑइल प्रेशर टिकत असेल आणि मागून निळा धूर नसेल, तर रिंग-पिस्टन उघडायचं कारणच नाही. तुमच्याकडे धूर नाही आणि ओढ चांगली आहे. ही लक्षणं गळक्या पॅकिंगची आहेत, झिजलेल्या बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीची, नाहीत.

पहिला संशयित ते महागाचं तेल. ही इंजिनं जाड तेलावर चालायला बनली. सिंथेटिक 5डब्ल्यू30 पातळ असतं, जुना मळ धुऊन काढतं आणि त्या मळाने बुजलेल्या फटी मोकळ्या होतात. ते काढा, साधं खनिज 20डब्ल्यू50 घाला. साडेतीन लिटर आणून ठेवा, पण एकदम ओतू नका, डिपस्टिक बघत भरा. वरच्या खुणेपलीकडे गेलेलं तेलही बाहेरच येतं. ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवा. तेल आणि फिल्टर मिळून दोन हजारांत होतं.

दुसरा संशयित ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा, पाइप. तो चिकट काजळीने तुंबला की आतला दाब सीलमधून वाट काढतो, मग पॅकिंग कितीही बदला. पाइप काढून रॉकेलने धुवा. खर्च जवळजवळ शून्य, आणि बहुतेक गॅरेजवाले याला हातही लावत नाहीत, कारण त्याचं बिल होत नाही.

मग इंजिन बाहेरून धुऊन, पुसून, कोरडं करा. जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, जागेवरच पंधरा मिनिटं इंजिन चालवा आणि खाली पुठ्ठा अंथरून रात्रभर ठेवा. ओल वरून खाली शोधत या, कारण वरचं तेल ओघळून खालीच दिसतं आणि लोक तळाच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग उगाच बदलतात. वास घ्या. गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअरचं तेल आहे, इंजिनाचा दोष नाही.

टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, बुचाचं पॅकिंग वाळून कडक होतं, बहुतेकदा चोर तिथेच सापडतो. काही शे रुपयांचं काम. पण ते करताना दोन चुका हमखास होतात. एक, बोल्ट जोर लावून आवळतात. पत्र्याचं कव्हर भोकांपाशी दबतं आणि मधे फट राहते. लाकडी ठोकळ्यावर ठेवून कड सरळ करा, बोल्ट हाताने बसवून मग पान्याने थोडाच पीळ द्या, तोही आळीपाळीने. दुसरी, पॅकिंगवर सिलिकॉनची पेस्ट थापतात. जास्तीचं आत सुटतं आणि तेलपंपाच्या जाळीत जाऊन बसतं. त्यानंतर खरंच इंजिन करावं लागतं.

पुढच्या पुलीमागचा सील गळत असेल तर इंजिन न उतरवता बदलता येतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखालून थेंब पडत असेल आणि क्लच घसरत असेल, तरच मामला मागच्या सीलचा. तेव्हा गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावंच लागतं. मग क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, माउंटिंग त्याच मजुरीत उरका. तेही 30-40 हजारांत बसायला हवं. गळती थांबवणाऱ्या बाटल्या घेऊ नका. त्या रबर फुगवतात, बुचाच्या पॅकिंगला त्यांचा काही उपयोग नाही.

या सगळ्याच्या आधी पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, बदला. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने मऊ पडून चिरतं. तेलाचा डाग फरशीवर पडतो, पेट्रोलचा थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर गाडी पेटते. ब्रेकचं ऑइल दर दोन वर्षांनी. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष असतं; सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसो, बदला. टायर सोडून हे 15 हजारांत होतं.

दलालाचे बारा लाख. आज घातलेले पाच लाख सात टक्क्यांनी आठ वर्षांत 8 लाख 60 हजार होतात. जुनी गाडी नीट ठेवायला वर्षाला 30 हजार लागतातच, त्यांचे त्याच दराने 3 लाख 30 हजार. बेरीज 11 लाख 90 हजार. म्हणजे दलालाचं भाकीत शंभर टक्के खरं ठरलं तरी तुमची कमाई दहा हजार! आणि बारा लाख हा मागितलेला भाव आहे, कुणी मोजलेला नाही. मुलीच्या कॉलेजची फी जूनमध्ये भरायची असते, फियाटचं गिऱ्हाईक जूनमध्येच येईल असं नाही. तिच्यासाठी वेगळी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता, आजच सुरू करा, आणि गाडी ठेवायची तर वडिलांची म्हणून ठेवा. कधी विकलीत तर वैयक्तिक वापराच्या गाडीवर भांडवली नफ्याचा कर नाही, एवढी जमेची बाजू.

राहिली पॉलिसी. 60 हजार पंधरा वर्षं भरून साडेतेरा लाख, म्हणजे पाच टक्के. तेच पैसे पीपीएफमध्ये 7.1 टक्क्यांनी 16 लाखांच्या वर गेले असते. बँकेतल्या माणसाने हे गणित मांडलं नाही, कारण त्याचं कमिशन पीपीएफमध्ये नसतं. पण आता मोडू नका. तो तोटा होऊन गेलाय. आज 1 लाख 20 हजार घेतले आणि पुढचे अकरा हप्ते पीपीएफमध्ये टाकले, तरी मुदतीला पावणेतेरा लाखच होतात. चालू ठेवली तर सांगितलेले साडेतेरा. आजपासून मोजलं तर ती आठ टक्क्यांच्या जवळ पडते, मात्र त्यातला किती भाग हमीचा आणि किती बोनसचा हे लेखी मागा. बोनसवरच भिस्त असेल तर हा फरक पुसला जाऊ शकतो. सहा लाखांचं संरक्षण दहा वर्षांच्या मुलीच्या बापाला कुठेच पुरत नाही, वेगळा 50 लाखांचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा, घ्या.

सोनं तारण ठेवायची गरज उरत नाही. कागदपत्रं 25 हजार, विमा 4, पेट्रोलचे पाइप आणि ब्रेक 15, तेल आणि पॅकिंग 10 ते 12: एकूण 55 हजारांच्या आसपास. महिना दहा हजार बाजूला काढले तर सहा महिन्यांत होतं, आणि आरटीओच्या फेऱ्या संपायला तेवढा वेळ लागेलच. तोवर गाडी शेडमध्ये राहू द्या, बॅटरीची वायर काढून.