शनी मीन राशीत गेल्याने मेष राशीच्या देवगडच्या बागायतदाराचे नुकसान होते का?

चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, शनी मात्र एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. म्हणूनच त्याच्या राश्यंतराला फलज्योतिषात एवढे वजन आहे. २९ मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, दृक् गणितानुसार (आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळणाऱ्या पंचांगगणितानुसार) शनी मीनेत आला, तेव्हा मकरेची साडेसाती संपून मेषेची सुरू झाली. मेषेला तो बारावा, म्हणजे व्ययस्थानी असल्याने खर्च, दगदग आणि अपुरी झोप ही फळे परंपरेने सांगितली जातात, सर्वनाश नव्हे. पत्रिकेतील मूळ शनी व चालू महादशा (सध्या ज्या ग्रहाचा अंमल मानला जातो तो कालखंड) न पाहता केवळ जन्मराशीवरून भाकीत करणे मला उथळ वाटते. शनिवारी मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ अवश्य वाहावी. परंतु ढगाळ हवेत तुमच्या कलमांचा मोहोर तुडतुड्यांमुळे गळत असेल, तर फवारणी वेळेवर करावी.