चर्चमधलं लग्न 'आपलं' करायच्या नादात रोज भांडणं होतायत?

लग्न तोंडावर आलंय आणि आम्ही रोज भांडतोय, तेही गाणी कुठली, फुलं कुठली, कोण कुठे उभं राहणार यावरून, मग आमचं मुळातच जमत नाहीये का? लग्नाआधी समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या खूप जोड्या हे विचारतात. चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांच्या बाबतीत त्यात अजून एक गाठ असते, लग्न अगदी पारंपरिक हवं असतं, वेदीसमोर, मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, क्वायर म्हणजे गाणाऱ्यांचा गट, सगळं घरच्या थोरांचं झालं तसं, आणि तरीही ते फक्त आमचंच वाटलं पाहिजे असंही असतं. मग घरचे म्हणतात परंपरा मोडताय, आणि दोघांपैकी एकाला वाटतं की दुसऱ्याला काही पडलेलीच नाहीये. अशाच एका जोडीबद्दल लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला दोघांनीही हो म्हटलंय.

दोघंही कॅथलिक. ती मला पहिल्यापासून ताई म्हणायची, तो शेवटपर्यंत मॅडम. तिच्याकडे फोनमध्ये मोठी यादी होती, स्वतः लिहिलेली वचनं, वेदीवर दोघांनी मिळून पेटवायची एक मेणबत्ती, बायबलमधल्या रूथच्या पुस्तकातल्या ओळी, आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, आत येताना आईचा हात धरून चालत येणार. त्याच्याकडे यादी वगैरे काही नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, मला नेहमीसारखं साधं लग्न हवंय, बाकी तिला जे हवं ते करू दे." आणि हे ऐकून ती रडायलाच लागली, कारण तिच्या मते तो सहा महिने हेच एक वाक्य बोलत होता.

तिचे वडील ती शाळेत असताना गेले. आईने एकटीने वाढवलं, पण शिक्षणाचा बराच खर्च काकांनी उचलला, आणि घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं की चर्चमध्ये तिला काकाच घेऊन येणार. काका तर म्हणालेच होते, बाप नाही तर बापाच्या जागी भाऊ, आपल्या चर्चची परंपराच आहे ती. यावर होणाऱ्या नवऱ्याचं म्हणणं असं की जाऊ दे ना, दोन मिनिटांचं चालणं आहे, काका खूश होत असतील तर काय बिघडलं. त्याने हे खरंच चांगल्या मनाने म्हटलेलं, वाद टळावा म्हणून. पण तिला ऐकू आलं ते असं, की तुझ्या आईने जे केलं त्याची किंमत दोन मिनिटं.

मी सुरुवातीला लग्नाबद्दल काहीच सुचवलं नाही. एक साधी अट घातली, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायच्या आधी आपण काय ऐकलं ते आपल्या शब्दात परत सांगायचं, आणि पहिला "हो, हेच म्हणायचं होतं" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ऐकायला अगदी बाळबोध वाटतं पण त्या खोलीत जवळजवळ पाऊण तास फक्त त्या चालण्यावर गेला, कारण तो प्रत्येक वेळी "तुला आईबरोबर यायचंय" इथेच थांबत होता आणि ती मान हलवत होती, नाही, हे नाही. शेवटी तो म्हणाला, "तुला वाटतंय की त्या दिवशी पण तुझी आई मागे राहील, आणि ते मी होऊ देतोय." ती म्हणाली हो. तोवर त्याला खरंच कळलं नव्हतं, तो हे सगळं डेकोरेशनच्या खात्यात टाकून मोकळा झाला होता.

मग मी त्यांना एक काम दिलं, आणि चर्चमध्ये लग्न करणाऱ्या प्रत्येक जोडीला मी ते देते. फादरकडून विवाहविधीचं पुस्तक घ्या, दोघांनी बसून पहिल्या ओळीपासून वाचा, आणि पेन्सिलने खुणा करा की यातलं काय बदलताच येत नाही, कुठे निवड आपल्याला दिलीये, आणि आपण ज्यासाठी भांडतोय ते या पुस्तकात आहे तरी का. बहुतेक जोड्यांनी विधी कधी वाचलेलाच नसतो हो, बाकीच्यांची लग्नं आणि सिनेमातली लग्नं बघून डोक्यात एक चित्र तयार झालेलं असतं आणि त्यालाच आपण परंपरा म्हणत असतो.

ते दोघं वाचून आले तेव्हा ती जवळजवळ उत्साहात होती. कॅथलिक विधीत बापाने किंवा काकाने मुलगी सोपवायची असा टप्पाच नाहीये. 'ही स्त्री या पुरुषाला कोण देतं' हा प्रश्न अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात आहे, अगदी १५४९ पासून, आणि सिनेमामुळे तो सगळ्या जगाला आपला वाटतो. कॅथलिक पुस्तकात मिरवणूक आहे ती नवरा-नवरीची, आणि त्यांच्यासोबत आईवडील आणि दोन साक्षीदार येऊ शकतात असं लिहिलंय. म्हणजे आईबरोबर येणं ही सवलत मागायची गोष्टच नव्हती. तसंच त्या पांढऱ्या गाऊनचं, तो जगभर रुळला तो राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये आपल्या लग्नात घातला त्यानंतर, त्याआधी ज्या रंगाचा चांगला पोशाख असेल तो चालायचा. आणि आत येतानाची ती प्रसिद्ध धून, जी त्याच्या आईला हवीच होती, ती वॅग्नर या जर्मन संगीतकाराच्या १८५० मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या 'लोहेनग्रिन' या ऑपेरातली आहे. तिथे ती लग्न उरकल्यावर, जोडप्याला त्यांच्या खोलीकडे नेताना गातात. फादर त्या धुनेला नाही म्हणाले, होणाऱ्या सासूबाई दोन दिवस नाराज होत्या, मग क्वायरने दुसरं काहीतरी ऐकवलं आणि तो विषय संपला. मेणबत्तीही विधीत नाही म्हणून ती रिसेप्शनला गेली, त्यावर भांडणही झालं नाही.

वचनांवर मात्र अडलं. तिने दोन पानं लिहिली होती, फार सुंदर होती ती, मी वाचलीत. पण फादरनी स्पष्ट सांगितलं की संमतीचे शब्द विधीतलेच म्हणायचे, कारण कॅथलिक लग्न बनतंच त्या संमतीने. आधी तीन प्रश्न असतात, स्वखुशीने आलात का, आयुष्यभर एकनिष्ठ राहणार का, मुलांना स्वीकारणार का, मग दोघं एकमेकांना ते शब्द देतात, मग अंगठ्या. इथे एक गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. या लग्नात संस्कार फादर देत नाहीत, लॅटिन म्हणजे रोमच्या कॅथलिक परंपरेत नवरा-नवरीच तो एकमेकांना देतात, फादर चर्चतर्फे ती संमती मागतात आणि स्वीकारतात. १५६३ ला कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने पाद्री आणि साक्षीदार सक्तीचे केले तेसुद्धा लपूनछपून लग्नं व्हायची आणि नंतर एकजण नाकबूल व्हायचा म्हणून. म्हणजे सगळ्यात बांधलेला, सगळ्यांना सारखा असलेला तो एक मिनिटच खरं तर सगळ्यात जास्त त्या दोघांचा असतो.

हे मी बोलत होते आणि तो पहिल्यांदाच मध्ये बोलला. म्हणाला, "मॅडम मला तेच शब्द हवेत, कारण ते मला पाठ करता येतात." मग हळूहळू बाहेर आलं. शाळेत स्टेजवर एकदा त्याचे शब्द अडकले होते, सगळे हसले होते, तेव्हापासून चार लोकांसमोर मनातलं बोलायचं म्हटलं की त्याचा घसा बंद होतो. तिची दोन पानं बघून त्याला रात्री झोप येत नव्हती, की हिच्या नंतर मी काय बोलू, माझं लिहिलेलं किती फालतू वाटेल, आणि ते दोनशे लोकांसमोर. म्हणून तो "साधं लग्न" म्हणत होता. त्याने हे तिला कधीच सांगितलं नव्हतं, आणि तिने गप्प बसण्याचा अर्थ लावला की याला हे लग्नच नकोय. जुने ठरलेले शब्द म्हणजे उत्साह नसल्याची खूण असं तरुण मुलामुलींना वाटतं, पण ज्यांना बोलता येत नाही अशा कितीतरी माणसांना त्या शब्दांनी आजवर आधार दिलाय, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "माझी दोन पानं तू एकट्याने ऐकशील का?" तो हो म्हणाला. तिने ती लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्याला वाचून दाखवली, घरी, आणि त्याने तिला एक पत्र दिलं. पत्रात काय होतं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

रूथच्या ओळींचं वेगळंच झालं. "तू जाशील तिथे मी येईन" या अर्थाचा तो उतारा लग्नात नवरा-नवरीने एकमेकांना म्हणायचा अशी तिची कल्पना होती. फादर म्हणाले मिस्सेतली बायबलची वाचनं विवाहासाठी ठरलेल्या यादीतूनच घ्यायची, त्यातलं किमान एक तरी थेट लग्नाबद्दलचं हवं, आणि रूथ त्या यादीत नाही. आणि मग त्यांनी तिला ते पूर्ण प्रकरण वाचायला सांगितलं. ते शब्द रूथ नवऱ्याला म्हणतच नाही, ती सासूला म्हणते, नामीला. दोघीही विधवा, नामी म्हणतेय तू माहेरी परत जा, आणि रूथ जात नाही. नवरी माझ्याकडे आली ती हिरमुसून, ताई, आता हे पण गेलं. मी फक्त विचारलं की नवरा गेलेली बाई आणि तिला सोडून न जाणारी मुलगी, हे वाचून कोण आठवलं? तिला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. रिसेप्शनला केक कापायच्या आधी तिने तो उतारा स्वतः वाचला, आईकडे बघून.

लग्न झालं, पाहुणे जेवले, पहिल्या डान्सचा बेत त्याच्यासाठी रद्द केला आणि त्याऐवजी सगळ्यांना एकदमच फ्लोअरवर बोलावलं, कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, भांडणं म्हणजे जमत नाही का. भांडणं किती होतात हे मी बघत नाही, कशी होतात ते बघते. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांची भांडणं वर्षानुवर्षं अभ्यासली, आणि नातं पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या, माणसावरच टीका, तुच्छतेने बोलणं, सतत स्वतःचा बचाव, आणि भिंतीसारखं गप्प होऊन जाणं. त्यात तुच्छता सगळ्यात वाईट. या दोघांमध्ये चौथी सवय होती, खूप होती, पण तुच्छता कधीच नव्हती, रागातसुद्धा तो तिच्या आईबद्दल वाकडं बोलला नाही आणि तिने त्याच्या अडखळण्याची कधी खिल्ली उडवली नाही, त्यामुळे मला काळजी वाटली नाही. पण समोरचा चारचौघांत तुमचा अपमान करत असेल, तुमच्या माणसांना हलकं लेखत असेल, किंवा तुम्ही भीतीने हो म्हणत असाल, तर तारीख ठरलीये, हॉल बुक झालाय म्हणून पुढे जाऊ नका. त्या तीन प्रश्नांतला पहिला प्रश्न स्वखुशीने आलात का हाच असतो, आणि त्याचं उत्तर खरं नसेल तर पुढचं काहीच उभं राहत नाही, चर्चच्या दृष्टीनेही. फादरशी एकट्याने बोलायचा हक्क तुम्हाला आहे, तो वापरा.

आणि काका. मला माहितीये हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात असे एक काका असतील. ती आणि तिची आई दोघी जाऊन त्यांना भेटल्या, पत्रिका छापायच्या आधी, मुद्दाम आधी, आणि होणाऱ्या नवऱ्याने स्वतःहून सोबत यायचं ठरवलं. तिने त्यांना सांगितलं की तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी विसरणार नाही, पण मला घेऊन आई येणार. पहिलं वाचन तुम्ही कराल का असंही विचारलं. काका म्हणाले मी काय परका झालो का, आणि वाचनाला नाही म्हणाले. लग्नाला आले, दुसऱ्या बाकावर बसले, फोटोत उभे राहिले, आणि रिसेप्शनमधून लवकर निघाले. समुपदेशनाने सगळे खूश होतील अशी खूप जोड्यांची अपेक्षा असते, तसं होत नाही, आणि मी तसं वचनही देत नाही. काकांना वाईट वाटलं ते खोटं नव्हतं, त्यांनीही भाऊ गमावलाय. ती दर रविवारी त्यांना फोन करते, कधी उचलतात, कधी काकू उचलते. मागच्या वेळी ते तिच्या नवऱ्याशी क्रिकेटबद्दल बोलले म्हणे, तिच्याशी अजून मोजकंच बोलतात.