शापाची वचने वगळावीत काय?

प्रश्न : आमच्या मंडळीत दर बुधवारी दुपारी भगिनींचा बायबल अभ्यास असतो. गेल्या महिन्यात स्तोत्र १३७ वाचायला घेतले. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नद्यांकाठी बसून सीयोनेच्या, म्हणजे यरुशलेमच्या, आठवणीने रडणाऱ्या बंदिवानांची पहिली सहा वचने आम्हां सर्वांच्या आवडीची आहेत. परंतु शेवटच्या वचनात, बाबेलची तान्ही बाळे खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे, तिथे वाचणाऱ्या भगिनीला पुढे वाचवेना. अभ्यास घेणाऱ्या बाई म्हणाल्या, “हे जुन्या करारातले आहे, पुढे जाऊ या.” आमच्यातील एका भगिनीचा मुलगा दोन वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या गाडीखाली गेला. ती हळूच म्हणाली, “मला हे वचन समजते.” त्यावर कोणीच काही बोलले नाही. अशी वचने वगळावीत काय? आणि ईशज्ञानाचे शिक्षण नसलेल्या आम्ही त्यांचा अर्थ लावावा काय?
— एक भगिनी, जालना

उत्तर : भगिनी, प्रभूच्या नावात सलाम. मीही पाळक नाही. चाळीस वर्षे बायबल वाचणारा मंडळीतला एक सामान्य माणूस आहे, आणि त्यांतील निम्मी वर्षे मी हे स्तोत्र सहाव्या वचनाशीच थांबवत आलो, हे आधी सांगायला हवे.

वगळणारे आपण पहिले नाही. मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७८४ साली अमेरिकेतील मेथॉडिस्ट मंडळ्यांसाठी उपासनेचे पुस्तक तयार केले, तेव्हा ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी शोभणार नाहीत अशी स्तोत्रे व वचने त्यांनी गाळली. कॅथलिक धर्मगुरू व व्रतस्थ दररोज म्हणतात त्या प्रार्थनाग्रंथाची सुधारित आवृत्ती १९७१ मध्ये निघाली, तीतून स्तोत्र ५८, ८३ आणि १०९ ही संपूर्ण आणि १३७ ची शेवटची तीन वचने काढली गेली. सामुदायिक उपासनेत, जिथे शेजारी लहान मुले बसलेली असतात आणि समजावून सांगायला वेळ नसतो, तिथे हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण अभ्यासाची बैठक म्हणजे उपासना नव्हे. जे वाचून घास अडकतो ते समोर ठेवून बसण्यासाठीच ती असते.

संत ऑगस्टीन यांनी यातून एक वाट काढली होती : ती बाळे म्हणजे मनात नुकत्याच उपजलेल्या वाईट वासना, आणि खडक म्हणजे ख्रिस्त. वासना मोठी होण्याआधीच ती त्याच्यावर आपटावी. हा उपदेश चांगला आहे, पण आपल्या त्या भगिनीला तो सांगण्याचे धैर्य मला होणार नाही, कारण त्यात खरी बाळे आणि खरे रडणे दोन्ही नाहीसे होतात.

हे स्तोत्र ज्यांच्या तोंडचे आहे त्यांनी काय पाहिले होते? ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या डोळ्यांदेखत त्याचे मुलगे मारले आणि मग त्याचे डोळे फोडले, असे ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. तान्ही बाळे आपटून मारणे ही त्या काळच्या युद्धांतली नेहमीची क्रूरता होती. पुढे अरामाचा राजा होणारा हजाएल तेच करील हे दिसल्यामुळे अलीशा संदेष्टा रडला होता. म्हणजे स्तोत्रकर्ता नवी क्रूरता कल्पून काढत नाही, आपल्यावर जे गुदरले तेच तो उलट मागतो. आणि मागतो तेव्हा त्याच्या हातात तलवार नाही. सातव्या वचनात तो “परमेश्वरा, आठवण ठेव” असे म्हणतो आणि आपला सगळा संताप देवापुढे ओततो. सख्ख्या भावाशी जमिनीवरून वैर होते त्या वर्षांत मी रोज सकाळी गोड शब्दांत प्रार्थना करीत असे आणि दिवसभर त्याचे वाईट चिंतीत असे. माझ्या त्या प्रार्थनेपेक्षा ही खरी आहे, असे मला वाटते.

तरीही देवापुढे बोललेली प्रत्येक गोष्ट ही देवाची आज्ञा होत नाही. त्याच बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून पत्र पाठवले (त्याच्या पुस्तकाचा अध्याय २९) : तुम्हांला ज्या नगरात नेले आहे त्याचे हित चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याच बाबेलसाठी! ही दोन्ही वचने बायबलने शेजारी शेजारी राहू दिली आहेत.

आता लूकच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय, वचने ४१ ते ४४ पाहा. यरुशलेम दृष्टीस पडताच प्रभू येशू रडतो आणि म्हणतो की शत्रू तुला व तुझ्या मुलांना जमिनीवर आपटतील. तिथे जे ग्रीक क्रियापद आहे तेच, स्तोत्रसंहितेच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, या शेवटच्या वचनात आहे. बाबेलसाठी मागितलेली शिक्षा इथे स्वतःच्याच नगरावर येताना दिसते, आणि ती सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे. हे ध्यानात आल्यापासून मी ते वचन वगळू शकलेलो नाही.

शिक्षणाविषयी एवढेच. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनने छापून प्रसिद्ध केले. ते परिश्रम कमी शिकलेल्या बायकांना स्वतः वाचून समजावे म्हणूनच होते. अडेल तिथे पाळकांना जरूर विचारावे. पण त्यांची वाट पाहत वाचन थांबवू नये.

पुढच्या बुधवारी नऊही वचने वाचा, मग यिर्मयाचे पत्र, मग लूक. त्याआधी एकदा त्या भगिनीच्या घरी जा आणि “समजते” म्हणताना तिला काय म्हणायचे होते ते विचारा. ती बोलेल तेवढे ऐका. क्षमेचा विषय आपण काढू नका.